पलटणीतून तुरुंगाकडे

हरियाणा सरकारने जुलै २०२४ मध्ये जाहीर केले की, चार वर्षांची सेवा पूर्ण करून परतणाऱ्या अग्निवीरांना पोलीस शिपाई, वनरक्षक, खाणरक्षक आणि तुरुंगातील वॉर्डर या पदांच्या सरळसेवा भरतीत १० टक्के आरक्षण दिले जाईल. त्याच महिन्याच्या अखेरीस राजस्थाननेही पोलीस, वनरक्षक आणि तुरुंगाचे पहारेकरी या पदांसाठी तशीच घोषणा केली. दोन्ही घोषणांची चर्चा झाली ती पोलीस भरतीच्या अंगाने. तुरुंगाचा उल्लेख यादीत येऊन गेला आणि त्यावर कोणी फारसे बोलले नाही. लष्करातून आलेला माणूस म्हणजे शिस्तीचा, काटक, हुकूम पाळणारा, तेव्हा कैदी सांभाळायला त्याच्याइतका योग्य कोण, असे आपण सगळ्यांनीच गृहीत धरलेले आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या फौजी घरातली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या भावकीत लष्करात गेलेला माणूस नाही असे घर शोधावे लागेल. दुसरीकडे, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील म्हणून मी नियमितपणे तुरुंगात जाते, ज्यांना वकील करणे परवडत नाही अशा बंद्यांचे अर्ज लिहिते, त्यांच्या तारखा बघते. ही दोन्ही जगे मला आतून माहीत असल्यामुळे मला या विषयावर मनापासून काही सांगायचे आहे. माजी सैनिक तुरुंगात नोकरीला यावेत, असे माझे ठाम मत आहे. मात्र ज्या कारणासाठी सरकार त्यांना घेऊ पाहते आणि ज्या कारणासाठी ते तिथे हवे आहेत, ती दोन कारणे अगदी वेगळी आहेत, आणि हा फरक लक्षात न घेता भरती केली तर सैनिकाचेही नुकसान होईल आणि बंद्याचेही.

आधी तुरुंगात असते कोण, ते पाहायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता होती ४,३६,२६६ आणि प्रत्यक्षात आत होते ५,७३,२२० बंदी. त्यांतले सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूच व्हायचा आहे, असे होते. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असावा असे म्हटले आहे. पण देशभर तुरुंगातली मंजूर पदे मोठ्या संख्येने रिकामी असतात, आणि जी भरलेली असतात त्यांतली माणसे तीन पाळ्यांत, रजेवर आणि न्यायालयाच्या कामात वाटली जातात. त्यामुळे रात्रीच्या वेळी शंभर-सव्वाशे माणसांच्या बराकीसमोर एकटा शिपाई उभा असतो, आणि त्याच्याकडे बंदूक नसते. तुरुंगाच्या आतल्या भागात शस्त्र नेत नाहीत. बंदूक बाहेरच्या भिंतीवर, टॉवरवर. आत फार तर लाठी आणि शिट्टी. शंभर माणसे एकट्याने, शस्त्राविना, रोज रात्री शांत ठेवणे हे काम धाकाने काही दिवस होते, वर्षानुवर्षे होत नाही.

लष्कर आणि तुरुंग यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. महाराष्ट्राच्या कारागृह विभागात आजही शिपाई, हवालदार, सुभेदार अशीच पदनामे चालतात. ब्रिटिश अमदानीत मध्यवर्ती तुरुंगांचे अधीक्षक पुष्कळदा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे लष्करी दर्जाचे डॉक्टर असत. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले तेव्हा तिथले अधीक्षक मेजर भंडारी हे असेच डॉक्टर होते, आणि पुढे आगाखान पॅलेसच्या काळात तेच कर्नल भंडारी मुंबई प्रांताचे तुरुंग महानिरीक्षक होते. खुद्द इंग्लंडमध्ये १८७७ पासून १८९५ पर्यंत सर एडमंड ड्यू केन या रॉयल इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्याने सगळ्या तुरुंगांना एकाच साच्यात बसवले. कष्टाचे काम, निकृष्ट अन्न, फळीवरची झोप आणि सक्तीचे मौन. त्याच्या कारभारावर ग्लॅडस्टन समितीने १८९५ मध्ये जो अहवाल दिला, त्याने हा साचा मोडायला सुरुवात झाली. आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला तुरुंग कायदा १८९४ चा, म्हणजे ती टीका होण्याच्या एकच वर्ष आधीचा. तेव्हा तुरुंगात लष्करी शिस्त आणली पाहिजे असे कोणी म्हणाले की मला वाटते, ती आणून सव्वाशे-दीडशे वर्षे झाली. तुरुंगात कमतरता आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

ती गोष्ट कोणती, हे मला पहिल्यांदा एका माजी हवालदारांकडे बघून कळले. मी ज्या तुरुंगात जाते तिथे ते शिपाई आहेत. गावाकडे निवृत्त फौजीला, मग तो कोणत्याही हुद्द्यावरून आलेला असो, मेजरच म्हणतात. तसे तुरुंगातही सगळे त्यांना मेजर म्हणतात, बंदीसुद्धा. तोफखान्यात सतरा वर्षे काढून, माजी सैनिकांच्या समांतर आरक्षणातून ते इथे आले. उंच आवाजात बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकले आहे.

एका संध्याकाळी कागदपत्रांवर सह्या घेता घेता मला उशीर झाला आणि टाळाबंदीची, म्हणजे बंद्यांना रात्रीपुरते बराकीत बंद करण्याची, वेळ झाली. बंदी दोन-दोनच्या ओळींत खाली बसले होते आणि मेजर गिनती करत चालले होते. दुसरा शिपाई बोटाने डोकी मोजत होता. मेजर तोंडे बघत होते. ओळीच्या मध्यावर ते थांबले, एका विशीतल्या मुलाला म्हणाले, "सकाळी पण जेवला नाहीस. आज कोर्टात काय झालं?" मुलगा काही बोलला नाही. मेजरांनी गिनती पुरी केली, आकडा सांगितला, आणि मग त्या मुलाला त्याच्या कोपऱ्यातल्या जागेवरून उठवून दाराजवळ, दिव्याखाली, एका वयस्क बंद्याशेजारी जागा दिली. नंतर बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, त्या पोराचा जामीन झालाय, पण जामीनदार मिळत नाही. आज घरून कोणी येणार होतं, आलं नाही. तुम्ही त्याची फाईल बघा." ती फाईल माझ्याकडे नव्हतीच. मी ती मागवून घेतली, जामिनाची रक्कम कमी करून वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज केला, आणि मुलगा सुटला. चोरीचा साधा खटला होता. तुरुंगात जीव देण्याचा विचार माणसाच्या मनात येतो तो बहुतेक अशाच दिवशी येतो: आत आल्याच्या पहिल्या काही रात्री, जामीन नाकारला गेला ती संध्याकाळ, मुलाखतीला कोणी आले नाही तो दिवस. हे मेजरांना कोणत्या पुस्तकाने शिकवलेले नव्हते.

हे त्यांना पलटणीने शिकवले होते, असे अण्णांना ही हकीकत सांगितल्यावर माझ्या लक्षात आले. अण्णा म्हणाले, "यात विशेष काय, रोलकॉल त्याचसाठी असतो." मग ते बराच वेळ बोलत राहिले. प्लाटूनमधल्या हवालदाराला आपल्या तीस-पस्तीस जवानांपैकी कोणाच्या घरी बांधावरून भांडण चालू आहे, कोणाच्या बायकोला दिवस गेलेत, कोणाची रजा दोनदा नामंजूर झाली आहे, कोण दोन दिवस लंगरमध्ये ताट अर्धे टाकून उठतो, हे माहीत असावे लागते; कारण असा जवान रात्री हातात भरलेली रायफल घेऊन संतरी म्हणून उभा राहणार असतो. जवानाच्या मनात काय चालले आहे हे न कळणे ही तिथे हवालदाराची चूक समजली जाते. शेकडो माणसे एका छपराखाली, घरापासून दूर, आपल्या मनाविरुद्धच्या वेळापत्रकात राहत असताना त्यांना स्वच्छ, निरोगी आणि सुरळीत कसे ठेवायचे, भांडण पेटण्याआधी त्याचा वास कसा घ्यायचा, पंगतीत कोणाला कमी वाढले जात नाही ना हे कसे बघायचे, याची जाण लष्करातला जुना हवालदार बरोबर घेऊन येतो. बाहेरच्या जगात दुसऱ्या कोणत्याच नोकरीत हे असे शिकायला मिळत नाही. माजी सैनिक तुरुंगात हवा तो यासाठी. त्याची छाती, त्याचा नेम, त्याचा कडक सॅल्यूट यांचा बराकीत फारसा उपयोग नाही.

आणि लष्कराने शिकवलेले सगळेच तुरुंगात उपयोगी पडते असेही नाही. काही गोष्टी तर दाराबाहेर ठेवूनच आत यावे लागते. दुसऱ्या एका तुरुंगात एका माजी सैनिक शिपायाने बराकीत आरडाओरडा केला म्हणून काही न्यायाधीन बंद्यांना भर दुपारी अंगणात रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून दमवणारी कवायत, दिल्याचे माझ्या अशिलाने मला सांगितले होते. लष्करात रगडा प्रत्येकाने खाल्लेला असतो. प्रशिक्षण केंद्रातला उस्ताद तो देतो आणि वर्षभराने तोच उस्ताद कसम परेडनंतर पाठीवर थाप मारतो. रंगरूट तिथे आपल्या मर्जीने आलेला असतो आणि शेवटी त्याच कुटुंबातला होणार असतो. न्यायाधीन बंदी मर्जीने आलेला नसतो, त्याचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो, आणि तुरुंगातली शिक्षा कोण देऊ शकतो हे कायद्याने ठरवून दिलेले आहे: कायद्यात जे तुरुंग-अपराध नमूद आहेत त्यांसाठी, चौकशी करून, नोंदवहीत लिहून, फक्त अधीक्षक. शिपायाला तो अधिकार नाही. त्या शिपायाशी मी बोलले तेव्हा त्याला आपण काही बेकायदा केले असे खरोखरच वाटत नव्हते. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की इथे ज्याच्यावर पहारा करायचा तो शत्रू नाही आणि रंगरूटही नाही. तो राज्याच्या ताब्यात असलेला एक नागरिक आहे, ज्याच्या जिवाची आणि अब्रूची जबाबदारी गणवेश घातलेल्या माणसावर आहे.

इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात २००३ च्या अखेरीस जे घडले, ते या संदर्भात मला नेहमी आठवते. तिथल्या छळाबद्दल ज्याला सर्वांत मोठी, दहा वर्षांची शिक्षा झाली तो आधी अमेरिकेच्या मरीन दलात होता, नंतर पेनसिल्व्हेनियातल्या एका तुरुंगात पहारेकरी होता, आणि तिथून राखीव सैनिक म्हणून इराकला गेला होता. सैनिकी अनुभवही होता, तुरुंगाचाही होता; वर देखरेख करणारे अधिकारी डोळे मिटून बसले तेव्हा दोन्हींपैकी एकही अनुभव आड आला नाही. म्हणून माजी सैनिक घेतले की तुरुंग आपोआप सुधारेल, या बोलण्यावर माझा विश्वास नाही. त्यांना कसे घ्यायचे, काय शिकवायचे आणि त्यांच्यावर कोणाची नजर असेल, हे ठरवावे लागते.

ब्रिटनने अलीकडच्या वर्षांत लष्करातून निवृत्त होणाऱ्यांना तुरुंग अधिकाऱ्याच्या नोकरीकडे वळवण्यासाठी 'ॲडव्हान्स इनटू जस्टिस' नावाची खास योजना आणली. तिथेही कारण आपल्यासारखेच, म्हणजे माणसांची टंचाई; २०१० नंतरच्या काटकसरीत अनुभवी कर्मचारी मोठ्या संख्येने बाहेर पडले होते आणि त्यांची जागा घाईघाईने भरायची होती. तिथले सुरुवातीचे प्रशिक्षण काही आठवड्यांचे असते. नॉर्वेत मात्र तुरुंग अधिकारी व्हायचे तर दोन वर्षांचे पगारी शिक्षण घ्यावे लागते, ज्यात कायदा, मानसशास्त्र, नीतिशास्त्र आणि प्रत्यक्ष तुरुंगातला सराव असतो. नॉर्वे छोटा आणि श्रीमंत देश आहे हे मान्य. तरी तुरुंगाचे काम शिकावे लागते, ही साधी गोष्ट त्यांनी मान्य केली आहे.

आपल्याकडे उलट दिशेने पावले पडताना दिसतात. पंजाबातल्या तुरुंगांमध्ये राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडून, म्हणजे पेस्कोकडून, माजी सैनिक कंत्राटावर पहारेकरी म्हणून घेतले गेले आहेत. महाराष्ट्रातही मेस्को या तशाच महामंडळामार्फत सरकारी कार्यालयांना आणि कारखान्यांना माजी सैनिक सुरक्षारक्षक म्हणून पुरवले जातात, आणि त्या कामासाठी ती व्यवस्था चांगली आहे. पण बँकेच्या दाराशी उभे राहणे आणि बराकीचे दार उघडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंत्राटी माणसाला बढती नाही, निवृत्तिवेतनात भर नाही, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नाही. त्याने बंद्याच्या घरची हकीकत का लक्षात ठेवावी? शिवाय तुरुंगात मोबाइल, तंबाखू, गांजा आत पोहोचवण्यासाठी पैसे देणारे लोक नेहमीच असतात, आणि अपुऱ्या, अनिश्चित पगारावरच्या माणसाला अशा मोहासमोर उभे करणे हा त्याच्यावरच अन्याय आहे. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८३ मध्ये दिलेल्या अहवालात तुरुंग कर्मचाऱ्यांसाठी सुसंघटित, प्रशिक्षित, बढतीच्या संधी असलेली स्वतंत्र सेवा असावी असा आग्रह धरला होता. चाळीस वर्षांनंतर आपण कंत्राटाकडे वळणे मला अजिबात पटत नाही.

आता अग्निवीरांकडे येते, कारण माझी खरी काळजी तिथेच आहे. पूर्वीचा जवान पंधरा-सतरा वर्षे सेवा करून पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान बाहेर पडायचा. तोपर्यंत तो नायक, हवालदार झालेला असे. त्याने सेक्शन सांभाळलेले असे, नव्या पोरांच्या चुका पोटात घातलेल्या असत, स्वतःची मुले वाढताना रजेवर येऊन पाहिलेली असत. मेजरांना बराकीत जे दिसते ते या वर्षांमुळे दिसते. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतले २५ टक्केच कायम होतात. बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतात. या मुलांच्या धाडसाबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आमच्या गावातली पोरे त्यांत आहेत. पण चार वर्षांत हुकूम पाळायला शिकवले जाते, शस्त्र चालवायला शिकवले जाते. माणसे सांभाळायला शिकण्याची पाळी येते तोवर ती परतलेली असतात. तुरुंगाला लष्कराकडून जे हवे, नेमके तेच त्यांच्या पदरात पडलेले नसते. वर त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असते की आपण निवडल्या गेलेल्या चौथ्या हिश्शात आलो नाही. अशा मनःस्थितीतल्या तरुणाला थेट रात्रपाळीला बराकीसमोर उभे करणे धोक्याचे आहे, त्याच्यासाठीसुद्धा.

म्हणून अग्निवीराला तुरुंगात घेऊच नये, असे मी म्हणत नाही. त्याला वेळ द्यावा, असे म्हणते. येरवड्याला कारागृह अधिकारी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण देणारी आपली जुनी संस्था आहे. तिथे त्याला निदान एक वर्ष शिकू द्यावे, त्यातले अर्धे प्रत्यक्ष तुरुंगात, एखाद्या अनुभवी शिपायाच्या हाताखाली. कायदा शिकवावा, बंद्याच्या मुलाखतीच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांशी कसे बोलावे हे शिकवावे, मनोरुग्ण माणूस ओळखायला शिकवावे, आणि हुकूम बेकायदा असेल तर नाही कसे म्हणायचे तेही शिकवावे. लष्करातून आलेल्या मुलाला हे शेवटचे सर्वांत कठीण जाईल. एक बाजूची गोष्टही इथे नोंदवते: माजी सैनिकांच्या आरक्षणातून स्त्रिया जवळजवळ येतच नाहीत, कारण लष्कराने महिलांना शिपाई दर्जावर घ्यायला सुरुवात केली ती अगदी अलीकडे, तीही लष्करी पोलिसांत, त्यामुळे महिला बराकींसाठी जागा भरण्याचा प्रश्न या मार्गाने सुटणार नाही आणि त्याचा वेगळा विचार करावा लागेल.

आमच्या गावातली पहिल्या तुकडीतली मुले २०२६-२७ च्या सुमारास परततील. त्यांतल्या एकाच्या आईने अण्णांना विचारले की जेलची भरती निघाली तर भरू द्यावा का फॉर्म. अण्णांनी तिला लगेच उत्तर दिले नाही. पोरगा रजेवर आला की माझ्याकडे पाठव, म्हणाले. तो आला तेव्हा अण्णांनी त्याला नेमबाजीबद्दल काहीही विचारले नाही. तुझ्या सेक्शनमध्ये सर्वांत गप्प राहणारा कोण, आणि तो गप्प का असतो, एवढेच विचारले. मुलाला पहिल्याचे उत्तर देता आले, दुसऱ्याचे नाही. अण्णा म्हणाले, "परत गेलास की शोधून काढ. मग फॉर्म भर."

मेजरांची निवृत्ती आता फार दूर नाही. त्यांच्यासारखे माजी सैनिक शिपाई राज्यातल्या अनेक तुरुंगांत असतील, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन ते बाहेर पडतात तेव्हा त्यांना जे येते ते त्यांच्याबरोबरच जाते. अशा लोकांना मानधनावर नव्या भरतीच्या प्रशिक्षणासाठी बोलवावे, अशी विनंती करणारे निवेदन मी कारागृह विभागाला लिहिते आहे. मसुदा मेजरांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी त्यात एकच दुरुस्ती सुचवली: वर्ग हॉलमध्ये भरवू नये, टाळाबंदीच्या वेळी बराकीत भरवावा, आणि नव्या पोरांना पहिला महिनाभर डोकी मोजायला सांगू नये. ती दुरुस्ती मी निवेदनात घातली आहे.